मुशीच्या पिशवीले कवड्या

८ नोव्हें., शनि.
तांड्यावर पोचली. दिग्रसच्या एसटीत बाजूच्या बाईनं विचारलं, "काय काम करतं वो?" म्हटलं, समुद्रातल्या शार्कचा, मुशींचा अभ्यास. बाई जरा सरकूनच बसली!
घरी आल्याआल्या मायले, आमच्या याडीले, सांगून टाकलं. डिसेंबरात लक्षद्वीप, सहा महिने, बोटीवर. इतके वर्षं कोकणातल्या बंदरावर मेलेल्याच मुशी मोजल्या, आता जित्त्या पाहाच्या. याडी भाकर थापतच राह्यली. तिनं 'जाय' म्हणलं पाह्यजे. नाहीतं जाईन, पण तिथं जीव लागणार नाही माहा.

९, रवि.
माहा बापू राजी. "पोहता येते न? मंग जाय." याडी म्हणे, "तिथं तुह्याजवळ कोण राहीन?" म्हटलं, मुशी. झालं! उठून चुलीकडं निघून गेली.

११, मंगळ.
घात! उद्या यवतमाळच्या कॉलेजात दाखवाले मुशीच्या अंड्याची पिशवी आणलती. रिकामी, चामड्यासारखी, एका टोकाले चीर. पिल्लू तिथूनच बाहेर पडते. मी वावरात कापूस वेचाले गेलती, अन् याडीले वाटलं पोरीचं पाकीट फाटलं. गरम पाण्यात भिजवलं, चीर पक्की शिवली, वरून कवड्या अन् आरसे! आमच्या लमाणाच्या घरात पिशवी कोरी राह्यतच नाही. भांडाले गेली त हसूच फुटलं. "आता काही सांडत नाही त्यातून," म्हणे.

१२, बुध., यवतमाळ
याडी संगं आली. पोरींनी पिशवी हातोहात फिरवली. एक म्हणे, "म्याडम, पिल्लू निघते कुठून?" म्हटलं, हे शिवलं न, तिथूनच. सारा हॉल हसला. याडी नाही हसली.
परतीच्या एसटीत...
"त्याची माय कुठं राह्यते मंग?"
"अंडं टाकून निघून जाते."
"बेशरम! अन् पिल्लू?"
"एकटंच. जमते त्याले."
आर्णी येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसली.

१४, शुक्र.
तिकीट काढलं. याडीले सांगितलं. "हं." याडीचा 'हं' म्हणजे हो का नाही, हे बापूले अजून समजलं नाही, मले काय समजते!

१५, शनि.
उद्या परत कोकणात, म्हणून बॅग भरून राह्यली. पिशवी हाती घेतली त चीर उघडी. टाके एकएक करून उसवलेले. कवड्या जिथल्या तिथं.
याडी अंगणात मिरच्या वाळू घालत होती. गेली, गळ्यातच पडली तिच्या. "सर तिकडं, तिखटाचे हात हायेत माहे," म्हणे. मंग मिरच्यांकडं पाहूनच, "कवड्या पक्क्या हायेत. पाण्यात निघत नाही."
'जाय' काही म्हणली नाही अजून.