चिंचटाकळीच्या बाळंतखोलीची किल्ली

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी साहेब,
आदिलाबाद

अर्जदार : चंपाबाई रामाजी वाघमारे, वय अंदाजे पन्नास, आया, सरकारी दवाखाना, मौजे चिंचटाकळी

विषय : दवाखान्याच्या बाळंतखोलीत कापूस न भरण्याबाबत, व खोलीची किल्ली न दिल्यावरून अर्जदारास कामावरून न काढण्याबाबत.

संदर्भ : डॉक्टरसाहेबांचा मेमो, दि. ४ जानेवारी १९९४.

महोदय,

१. अर्जदार सदर दवाखान्यात चौदा वर्षांपासून आया आहे. झाडणे, पुसणे, बाळंतिणीचे कपडे धुणे आणि नर्सबाईंच्या हाताखाली उभे राहणे हे तिचे काम. तिला सही येते, अर्ज येत नाही, म्हणून हा अर्ज तिच्या सांगण्यावरून गावचे निवृत्त शिक्षक नागनाथ यांनी लिहिला आहे. तिचे शब्द जेथे सरकारी भाषेत बसले नाहीत तेथे ते तसेच ठेवले आहेत. ते धुऊन-पुसून लिहिले असते तर साहेबांपर्यंत वास पोहोचला नसता, आणि या प्रकरणात वास पोहोचणे जरुरी आहे.

२. अर्ज योग्य मार्गाने का आला नाही, असे आपण विचाराल. योग्य मार्ग म्हणजे डॉक्टरसाहेबांचे टेबल. मागल्या हंगामात याच खोलीतल्या कापसाबद्दल दोन अर्ज त्याच मार्गाने दिले. पहिला त्या टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घडी करून बसवलेला अर्जदाराने झाडताना स्वतः पाहिला. दुसऱ्याच्या कागदात महिपत कंपौंडरने पोटदुखीच्या पुड्या बांधल्या. त्यातली एक पुडी फिरत फिरत अर्जदाराच्याच घरी आली. तिच्यावर ‘महोदय’ एवढे शाबूत होते. तरी हा तिसरा अर्ज नागनाथ गुरुजी स्वतः एस.टी.ने आणून देत आहेत. आगाऊपणाची माफी असावी.

३. दवाखान्याच्या व्हरांड्यात एक मोठा निळा बोर्ड आहे. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरसाहेबांनी तो हौसेने रंगवून घेतला. वर तेलुगू, खाली मराठी. ‘येथे मिळणाऱ्या सेवा’ असा मथळा आहे. सोमवार गरोदर मातांची तपासणी, मंगळवार डोळे, बुधवार लहान मुलांना लस, गुरुवार त्वचारोग, शुक्रवार कुटुंब नियोजन, शनिवार दमा व खोकला. सर्वांत खाली लाल अक्षरात ‘प्रसूती : अहोरात्र’. बोर्ड सुरेख आहे, त्याबद्दल तक्रार नाही. डॉक्टरसाहेबांचा खाजगी दवाखाना इचोड्यास आहे, ते येथे मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा ते एक येतात. म्हणजे गरोदर बाईने मंगळवारी यावे तर त्या दिवशी डोळे असतात, आणि सोमवारी यावे तर डॉक्टर नसतात. गावाने हेही सोसले. नर्सबाई कुमुदिनी येथेच राहतात, त्या निभावून नेतात. सोसवत नाही ते पुढे आहे.

४. १९९२ ची दिवाळी झाल्यावर डॉक्टरसाहेबांच्या मेहुण्यांनी खेड्याखेड्यांतून कापूस घेतला. भैंशाच्या बाजारातला भाव त्यांच्या मनासारखा नव्हता, म्हणून भाव चढेपर्यंत तो ठेवायला कोरडी, पक्की, कुलपाची जागा पाहिजे होती. अशी जागा गावात एकच, बाळंतखोली. दोन दिवस गाड्या येत राहिल्या आणि खोली खिडकीच्या गजांपर्यंत भरली. तपासणीला एक साहेब आले तेव्हा महिपत कंपौंडर त्यांना हसत म्हणाले की दवाखान्याला कापूस तर लागतोच. साहेबही हसले आणि चहा घेऊन गेले. अर्जदार तेव्हा मागे कपबशा घेऊन उभी होती. त्या दिवसापासून तिला त्या हसण्याची शिसारी आहे.

५. कापूस साठला की त्यात किडे होतात हे शेतातले पोरही सांगेल. पंधरा दिवसांत लाल किडे भिंतीच्या फटींतून व्हरांड्यात आले, बाकावर आले, तपासायच्या टेबलावर आले. तापाचा माणूस आला की तापाच्या गोळ्या आणि अंगाला खाज घेऊन जाऊ लागला. घरी गेला की ती खाज घरादाराला. मग सगळे घर गुरुवारी त्वचारोगाच्या रांगेत. महिपत कंपौंडर बोटाने गंधकाचे मलम काढत आणि त्याच बोटाने कान खाजवत. दोन महिन्यांत त्वचारोगाचे दोनशे अकरा रोगी रजिस्टरला लागले. हा आकडा डॉक्टरसाहेबांनी खडूने बोर्डाशेजारी लिहिला आहे आणि आल्यागेल्याला ते तो कौतुकाने दाखवतात. अर्जदाराचे म्हणणे, “खाज बी यायचीच, मलम बी यायचंच, अन् नाव बी यायचंच.” यात गुरुजींना एक अक्षर बदलावेसे वाटले नाही.

६. आता रुख्मिणीचे. ही डोमाजीची सून, शेतमजुरी करते, गावाच्या नाल्यापलीकडे राहते. त्याच हंगामात, मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी दुपारी, पहिलटकरीण म्हणून तिला बैलगाडीतून दवाखान्यात आणले. नर्सबाईंनी कुलूप काढून दरवाजा ढकलला. तो वीतभर उघडला आणि आतल्या कापसाने परत रेटला. डोमाजीने खांदा लावला, गाडीवानाने लावला, दरवाजा हलला नाही. मोठ्या दवाखान्यात न्यायचे तर आधी गाडीने सडकेपर्यंत आणि पुढे ट्रकवाल्याच्या दयेवर. तेवढा वेळ उरला नव्हता. रुख्मिणी व्हरांड्यातल्या बाकावर बाळंत झाली, त्या लाल अक्षरांच्या बरोबर खाली. अर्जदाराने एका हाताने लुगड्याचा आडोसा धरला आणि दुसऱ्या हाताने रुख्मिणीचा गुडघा. खाजेची रांग समोरच होती. त्या बिचाऱ्यांनी भिंतीकडे तोंडे केली, पण बाकावरचे किडे कुठे तोंड फिरवणार. मुलगी झाली. रडली, चांगली रडली. वारा बोचरा होता. आत खोलीभर कापूस, आणि पोरीला गुंडाळायला मूठभर स्वच्छ कापूस दवाखान्यात नव्हता. अर्जदाराने दाराच्या फटीतून हात घालून थोडा ओढला तर त्यात किडे वळवळत होते. तो तिने तिथेच फेकला आणि आपल्या पदरात पोर घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोर गेली.

डॉक्टरसाहेब शुक्रवारी अकराला आले. त्यांनी रजिस्टर मागवून ‘प्रसूती घरी झाली’ असे लिहवून घेतले, कारण दवाखान्यात मूल दगावल्याची नोंद झाली तर बोर्डाची शोभा जाते. अर्जदार तेव्हा बाकावरचे रक्त पुसत होती. ती म्हणाली, “साहेब, हे कोनाचं घर हाय मंग?” यावर तिला बाहेर जाण्यास सांगण्यात आले. ती बाहेरच होती.

७. होळीनंतर भाव चढला आणि कापूस गेला. खोली अर्जदाराच्या अंगावर टाकण्यात आली. आत काय होते ते लिहिणे भाग आहे, साहेबांनी जेवण झाले असल्यास थोडे थांबून वाचावे. उंदरांनी गादीत पिले घातली होती. भिंतीवर कमरेइतक्या उंचीपर्यंत तंबाखूच्या पिचकाऱ्या. कापूस थोडा थोडा जाऊ लागल्यावर राखण करणारे गडी बाळंतपणाच्या टेबलावर जेवत असत. हळदीचे पिवळे डाग आणि तेलाचा थर त्यावर वाळून बसला होता. नाळ कापायची कात्री सुतळी कापून बोथट झाली होती. आणि बाळ तोलायच्या काट्यावर मटण तोलले होते. त्याच्या परातीच्या कडेला चरबी आणि माश्या चिकटून होत्या. अर्जदाराने चौदा वर्षांत नाना तऱ्हेची घाण हातांनी उचलली, कधी नाक धरले नाही. त्या काट्यापुढे मात्र ती भडाभडा ओकली. हे लिहून घेताना गुरुजींनी समोरचा चहा बाजूला सारला.

सात दिवस तिने खोली घासली. राखेने, सोड्याने, फिनाइलने, उकळत्या पाण्याने. काटा नदीवर नेऊन वाळूने घासला. भिंतींना स्वतः चुना दिला. मग तिने खोलीला कुलूप घातले आणि किल्ली नर्सबाईंच्या संमतीने आपल्याजवळ ठेवली. तेव्हापासून या खोलीत तेवीस बाया बाळंत झाल्या. तेवीसही सुखरूप घरी गेल्या, पोरेही गेली. नर्सबाईंनी त्यांची यादी स्वतःच्या हाताने लिहून दिली आहे. खाली सही केली नाही, कारण त्यांना बदलीची भीती आहे आणि घरी म्हातारी सासू अंथरुणाला आहे. साहेबांनी अक्षर ओळखू नये ही विनंती.

८. यंदा पुन्हा हंगाम आला. परवा सोमवारी महिपत कंपौंडर म्हणाले, “बाई, चावी दे, तुले काय करायचं हाय खोलीचं.” अर्जदाराने दिली नाही. मंगळवारी मेमो आला. त्यात तिच्यावर तीन ठपके आहेत. एक, वरिष्ठांचा हुकूम मोडला. दोन, बाळंतखोलीचा परवानगीवाचून वापर होऊ दिला. तीन, फिनाइलचा वाजवीपेक्षा जास्त खर्च केला. शुक्रवार दि. ७ रोजी अकरा वाजेपर्यंत किल्ली जमा न केल्यास नोकरीवरून कमी करण्यात येईल, असे शेवटी लिहिले आहे. बाळंतखोलीत बाया बाळंत होऊ दिल्या, हा गुन्हा कोणत्या नियमात बसतो ते गुरुजींना सापडले नाही. त्यांनी पस्तीस वर्षे मुलांना नागरिकशास्त्र शिकवले, त्याची त्यांना आता लाज वाटते. फिनाइलचा ठपका अर्जदारास मान्य आहे.

मेमो हातात घेऊन ती डॉक्टरसाहेबांपुढे गेली होती. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितले की दोन महिन्यांचाच प्रश्न आहे, तोपर्यंत बायांना घरी होऊ दे, पूर्वी नव्हत्या का होत. अर्जदार म्हणाली, “पूर्वी आमच्या बाया घरीच होत होत्या अन् घरीच मरत होत्या. म्हनून तं सरकारनं खोली बांधली. तुमी काऊन तिचं कापसाचं जिनिंग करून राह्यले?” डॉक्टरसाहेबांनी घड्याळ पाहिले. एक वाजला होता, ते इचोड्यास गेले.

९. रुख्मिणीला पुन्हा दिवस गेले असून ते भरले आहेत. नर्सबाईंच्या हिशेबाने या आठवड्यातच. नाल्यापलीकडून वेळेवर येणे होणार नाही म्हणून अर्जदाराने तिला चार दिवसांपासून आपल्या घरी, दवाखान्याच्या मागे, आणून ठेवले आहे. ती फार बोलत नाही. दिवसातून दोनदा उठते, खोलीच्या दाराशी जाते आणि दार पूर्ण उघडते का ते ढकलून पाहते. अर्जदार तिच्यासाठी दरवेळी कुलूप काढते. मेहुण्यांच्या गाड्या शुक्रवारी येणार आहेत.

१०. तरी विनंती की, शुक्रवारी अकराच्या आत बाळंतखोलीत कापूस न भरण्याचा लेखी हुकूम व्हावा. रुख्मिणीची पहिली मुलगी दवाखान्यात जन्मली आणि दवाखान्याच्या थंडीने गेली अशी नोंद रजिस्टरमध्ये दुरुस्त व्हावी. त्या पोरीच्या आईने यापलीकडे काही मागितलेले नाही. हुकूम होणार नसेल तर निदान कोणी माणूस पाठवून बोर्डावरील शेवटची ओळ पुसून टाकावी. अर्जदार शिडी धरेल.

चौदा वर्षांच्या चाकरीनंतर एवढेच मागणारी,

चंपाबाई रामाजी वाघमारे
(सही स्वहस्ते)

लिहून देणार : नागनाथ, निवृत्त शिक्षक
चिंचटाकळी, बुधवार, दि. ५ जानेवारी १९९४

सोबत :
(१) डॉक्टरसाहेबांचा मेमो, अस्सल.
(२) तेवीस बाळंतिणींची यादी, बिनसहीची.
(३) पोटदुखीच्या पुडीचा कागद, ‘महोदय’ असलेला.
(४) या अर्जाचा तेलुगू तर्जुमा. परिच्छेद सातमधील काटा त्यात सौम्य झाला आहे, साहेबांनी मराठीच वाचावे.
(५) किल्ली जोडलेली नाही. ती अर्जदाराच्या कमरेला आहे. रुख्मिणीला आज सकाळपासून कळा येत आहेत.