वखार मागताना

२ फेब्रुवारी

ति. आत्यास,
सा. सलाम. वि. वि.

ज्यांनी तुझ्या तोंडावर दार लावलं, त्यांच्यासाठी तुझ्याकडे जागा मागायचा मला काय हक्क आहे? चार दिवस विचार करतेय. उत्तर सापडलेलं नाही, तरी लिहिते.

छापखान्याच्या वरची आपल्या ख्रिस्ती मंडळीची प्रार्थनेची खोली पुढच्या महिनाअखेर रिकामी करायची आहे. मालकाला कागद ठेवायला हवी आहे. वर्षभरात आम्ही पाच जागा पाहिल्या. मालक आधी हौसेने जागा दाखवतो. कशासाठी हवी ते कळलं की त्याच्या भावाला ती एकाएकी प्रिय होते. आम्ही चौदा घरं. चौदा घरांसाठी शेजाऱ्यांशी कोण वाकडं घेणार?

तुझी लाकडाची वखार आतोबा गेल्यापासून अकरा वर्षं कुलपात आहे. ती मंडळीला देशील का? मी मंडळीची चिटणीस म्हणून विचारतेय. बाबा कमिटीचे अध्यक्ष आहेत, पण हे पत्र त्यांना दाखवलेलं नाही.

लोभ मागायला तोंड नाही. राग थोडा कमी करावा, ही विनंती.

तुझी भाची

९ फेब्रुवारी

चि. पदवीधर बाईंस,
अ. आ. (सवयीने लिहिलं आहे, फार मनावर घेऊ नये.)

अक्षर सुरेख आहे, अक्कल मात्र बापाच्या वळणावर गेली.

तुझ्या आतोबांची शवपेटी हातगाडीवर होती, छापखान्याखाली, दोन तास उन्हात. तुझा बाप जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, दारू पिऊन मेलेल्या माणसाची प्रार्थना इथे होणार नाही. चौदा घरांतून एक माणूस खाली उतरला नाही. खड्ड्याशी मीच वचन वाचलं, मीच आमेन म्हटलं. तू खिडकीत होतीस. लहान होतीस, म्हणून तुला माफ. बाकीच्यांना नाही. आणि आता त्याच दारुड्याच्या वखारीत देवाला न्यायला निघालात? भले शाब्बास.

देईन वखार. तुमच्यात लग्न असो की खरेदी, मजकूर तीन रविवार सगळ्यांपुढे वाचायचा आणि हरकत असेल त्याने उभं राहायचं, ही रीत आहे ना? मग त्या दिवशी जे झालं ते तसंच वाचा. तीन रविवार. तुझ्या बापाचं नाव घेऊन.

अजून तरी तुझी,
आत्या

१४ फेब्रुवारी

ति. आत्यास,
सा. सलाम. वि. वि.

बाबांना वगळून कमिटीतल्या तिघांशी बोलले. त्यांनी मजकूर ठरवला: ‘काही वर्षांपूर्वी घडलेल्या दुर्दैवी प्रसंगाबद्दल मंडळीला खेद वाटतो.’ कागद सोबत आहे.

याहून जास्त माझ्याकडून मागू नकोस. बाबांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र दुकानात, गिऱ्हाइकांच्या दुरुस्तीला आलेल्या घड्याळांमध्ये टांगलंय. वेळ विचारायला आलेल्यालाही ते आधी प्रमाणपत्र दाखवतात. त्यांना मी सगळ्यांपुढे उभं करायचं? तू न्याय मागत नाहीस, सूड मागतेस. क्षमा शिकवणारं पुस्तक आपण दोघी एकच वाचतो ना?

हे वाचून चिडशील. चिडून का होईना, उत्तर द्यावं.

तुझी भाची

१९ फेब्रुवारी

चि. भाचीस,
अ. आ.

कागद परत पाठवतेय. कोण मेलं, कुणी अडवलं, काही म्हणता काही कळत नाही. असं लिहायला कॉलेजात जावं लागतं का? मी चौथी शिकलेली. तेवढ्याच जागेत सगळं सांगितलं असतं.

पुस्तक मीही वाचते. त्यात क्षमेच्या आधी कबुली येते.

आता आणखी एक अट. तुझ्या बापाने वखारीत पाऊल ठेवायचं नाही. कधीच नाही. किल्ली सोबत आहे, जागा झाडायला घ्या. दानपत्रावर सही तिन्ही रविवार पार पडल्यावर.

तब्येत सांभाळ. हे मात्र मनापासून.

आत्या

३ मार्च

धाकटीस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

परवा रविवारी माझ्या मुलीने मंडळीपुढे माझं नाव वाचलं. तोंड तिचं, बोल तुझे. अकरा वर्षं तुझ्या एका पत्राची वाट पाहिली, तर तू अशी आलीस. घरात तिच्याशी बोलणं बंद आहे. ती वाढते, मी जेवतो. तिसऱ्या रविवारी मी हरकत घेणार. वखार तुला लखलाभ.

एकेकाळचा,
दादा

२३ मार्च

ति. आत्यास,
सा. सलाम. वि. वि.

बाबांनी तुला लिहिलेलं पत्र पाकिटात घालण्याआधी माझ्यासमोर ठेवलं होतं. बोल तुझे नव्हते. तू परत पाठवलेला कागद मलाही वाचवेना, म्हणून मी स्वतः लिहिलं आणि सुरुवातच ‘मी खिडकीतून पाहिलं’ अशी केली होती.

पहिल्या रविवारी लोक आपापल्या पायांकडे बघत राहिले. दुसऱ्या रविवारी दोघी म्हाताऱ्या रडल्या, आणि त्यांतली एक बाहेर पडताना मला कृतघ्न म्हणाली. तिसऱ्या रविवारी बाबा उभे राहिले. पाळकांनी कारण विचारलं. बाबा म्हणाले, यात खोटं काही नाही, पण घरातली गोष्ट हिने रस्त्यावर आणली, ही माझी हरकत. आपले पाळक, ज्यांना तू मेणाचा पुतळा म्हणायचीस, खाली बघतच म्हणाले, “पेटीही रस्त्यावरच होती.”

हरकत टिकली नाही. बाबा जिना उतरून गेले.

तुझी पहिली अट पुरी झाली. दुसरी मी पाळणार नाही. आतोबांना ज्या पायरीवरून अडवलं, त्याच पायरीवर आता तू उभी राहायला बघतेस, आणि तुझ्या वतीने मी उभी राहायची. ते मला जमणार नाही. दानपत्र फाडायचं तर फाड. चौदा घरांना तसं सांगून ठेवलंय. अर्धी घरं माझ्यावर चिडली आहेत, त्यांची यादी हवी तर पाठवते.

दोन दिवस भुसा उपसला. काल पहिली प्रार्थना झाली. आमेनपेक्षा शिंका जास्त. बाबा आले नाहीत. ते येतील का, मला सांगता येत नाही.

पण त्यांना अडवायला आता वखारीला फाटक नाही. शनिवारी दोन्ही पल्ले बिजागऱ्यांतून उतरवले आणि सुताराकडून त्यांची बाकं करून घेतली. काल त्यांवर सात जण बसले.

रागात का असेना, पत्र पाठवत राहावं.

तुझी भाची