भिंतीपलीकडचा ब्रश

७ एप्रिल २०२०, बर दुबई
शाळेने ऑनलाइन वर्गासाठी झोयाला टॅब दिला. फुकट. आज हिशोब मांडला. पोरीची नऊची झोप गेली. जेवण टेबलावरून मांडीवर आलं. आठ वर्षांची पोर दुपारी चारला पराठा मागते. फुकट कसला.

११ एप्रिल
लॉकडाऊन. खाली उतरायचं तर परमिट. एसीच्या तक्रारी मी फोनवरून निपटतोय. झोया वर शाळेचा शर्ट, खाली पायजमा, गादीतच वर्गात.
"दात घासले?"
"डन, अब्बा."
घासतेच. बाथरूममध्ये बॅटरीचा ब्रश घूं करतो, इकडे ऐकू येतं. सलमाला म्हटलं, मेकॅनिक म्हणून आलो, बंद दारामागचा कॉम्प्रेसर नुसता ऐकून सांगायचो काय बिघडलंय. कंपनी या कानांवर उभी केली. माझ्या कानांतून ब्रश सुटेल?
"कान चांगले आहेत हो. उठून बघायला काय होतं?"
बायको ऐकेल तर शपथ.

१५ एप्रिल
सकाळी उगाच गावची विहीर आठवली. आम्ही सगळी चुलत भावंडं कट्ट्यावर ओळीने, तळहातावर राखुंडी. बोटं काळी, ओठ काळे, कोण लांब थुंकतो याची पैज. मोठे चाचा एकेकाची हनुवटी धरायचे, "आ कर." ज्याचं तोंड नीट नाही त्याला घावन नाही. आरोग्य वगैरे शब्द कुणाच्या गावी नव्हते. मजा होती म्हणून दात घासले जायचे. झोया एकटी, दार लावून.

२० एप्रिल
झोया दोन दिवस एकाच बाजूने चावतेय. सलमाने पकडलं. "इट्स नथिंग, मम्मा." दाढेत खड्डा. दाताचे दवाखाने फक्त अर्जंटसाठी उघडे. डॉक्टरीणबाईंनी व्हिडिओ कॉलवरूनच तिच्या तोंडात टॉर्च मारायला लावला.
"ये दूध का नहीं है भाईसाब. पक्का है. ये गया तो दुबारा नहीं आएगा."
गोळ्या लिहून दिल्या. शनिवारी घेऊन या, वाचते का बघू. ब्रश करती है ना?
म्हटलं, रोज दोनदा. मी स्वतः ऐकतो.
 

२२ एप्रिल
शनिवारचं परमिट आलं. रमजान तोंडावर. सकाळी वाटलं, आजपासून दोघं बाल्कनीत उभं राहून दात घासू, विहिरीसारखं. घूं चालू होतं, बोलवायला गेलो. बाथरूमचं दार नुसतं लोटलेलं.
झोया स्टुलावर, मांडीवर टॅब.
"अब्बा... टू मिनिट्स."
ओरडलो नाही. बाल्कनीत नेली, माझा ब्रश घेतला, तिचा तिच्या हातात दिला. मग तिनेच माझी हनुवटी धरली, "आ करो." हसली, आणि हसताना गाल धरला.
शनिवारी दाढेचं कळेल.
मी दार ढकललं तेव्हा तिचा ब्रश बेसिनच्या कडेवर आडवा पडून घूं करत होता. त्याचे केस कोरडे होते.