ठेवा, नको आणि वापरून बघते

रविवार, ९ नोव्हें.
सगळ्यात आधी टपकली ती समोरची कुसुम. पाहुणे यायचे अकराला, ही दहालाच दारात, चांगली साडी नेसून. "गौरीला बघायला येतेत म्हणं?" म्हणलं, बघायलाच येतेत, पण गौरीला नाय, मला! तिचं तोंड एवढंसं झालं. तरी हटली नाय. पोहे खाऊनच उठली.

पाहुणे म्हणजे माझ्या नातीच्या हापिसातले. तिची मोठी मॅडम अन् इरफान. चिकलठाण्याला हापिस. कानाच्या मशीनचा आवाज मोबाइलवरून कमीजास्त करायचा, ते हे लोक बनवतेत. त्यातली आवाज बदलायची, मोबाइलवर उघडती ती चौकट गौरीनं काढलीय. माझ्या कानातही तेच मशीन, मला जमतंय का ते बघायला आले. जिच्या फ्रॉकची बटनं मी लावायचे ती! (पुढं नुसतं गौ. लिहीन. बोटं दुखतेत.)

इरफान खुलताबादचा. घरच्या झाडाचे पेरू आणले. लई गोड. म्हणतो, "आज्जी, हमसे काय को लाज? जैसा घर में करतेत, वैसाच करो."

मग माझाच मोबाइल दिला हातात. एक पट्टी माणसांच्या आवाजाची, एक गलक्याची. बोटानं सरकवली की कानात तिथल्या तिथं बदल. गंमतच वाटली, सरकवत बसले. खाली दोन बटनं, 'ठेवा' आणि 'नको'. तेवढ्यात बेल वाजली, दूधवाला. मोबाइल पालथा घातला अन् उठले. येऊन बघते तर चौकट बंद. मॅडम म्हणल्या, "कसं वाटलं आजी?" म्हणलं, लई छान! गौ.चं तोंड असं फुललं, अजून काय पायजे मला.

मंगळवार, ११
छान नाय.
ताटली ठेवली तरी कानात घण पडतो. अन् माणसं रजईतून बोलल्यासारखी. कानाच्या डॉक्टरीणबाईनं बसवून दिलेला आवाज गेला. त्या आवाजात गौ.ला ओरडावं लागत नव्हतं. त्याच्याआधी दोन-तीन वर्षं पोर माझ्याशी ओरडूनच बोलायची, बिचारीचा घसा...
चौकट उघडून 'नको' दाबलं, लई वेळा दाबलं. आत्ताचाच आवाज राहतो, जुना काही येत नाय.
कुणाला सांगितलं नाय. मॅडम तिचं काम पास करणार म्हणं. माझ्या कानापायी पोरीचं नाव खाली जायला नको. मशीन डबीत घातलं. विचारलं तर सांगायचं, कान खाजतो.

गुरुवार, १३
धरलं मला.
गौ. पाठीमागून चहा विचारत होती म्हणं. पुढं आली तर माझे कान रिकामे. "आज्जी, मशीन कुठंय?" कान खाजतो म्हणलं, तर आणलीच डबी. मोबाइल उघडून बघितला अन् माझ्यापुढंच बसली.
"तू छान का म्हणलीस गं?"
"मग काय चार माणसांत म्हणू, माझ्या नातीनं वाईट केलं म्हणून?"
हसावं का रडावं, तिला कळेना. दोन्ही केलं.
मग समजावलं मला, तोंडाशी तोंड आणून. मी 'ठेवा'ही दाबलं नव्हतं अन् 'नको'ही. उठून गेले. या हापिसवाल्यांनी धरलेलं की माणूस उठून गेला म्हणजे त्याला पसंत. नवा आवाज पक्का झाला. अन् 'नको' दाबलं की चौकट उघडताना जे असंल ते येतं. त्याच्या आधीचं तिनं जपूनच ठेवलं नव्हतं.
म्हणलं, हापिसात बोलू नको. तर म्हणती, "आज्जी, हे कळावं म्हणूनच तर आणलं होतं सगळ्यांना तुझ्याकडं." माझ्यासमोरच मॅडमला फोन लावला. बोलताना माझा अंगठा मुठीत धरून बसली होती, लहानपणी दवाखान्यात धरायची तसा.

शनिवार, १५
डॉक्टरीणबाई गावाला गेलीय. गौ. म्हणली, तवर आपणच शोधू.
दुपारभर बसलो. सून कुकर लावती, भांडी वाजवती, गौ. पट्टी सरकवती, मी सांगते. भांडं टोचतं. आता बरं. आता पुन्हा टोचतं. सून वैतागली, "आत्याबाई, अजून किती वेळा आपटू ही कढई?" आपट म्हणलं, तुला तशीही आवड आहे. ती पण हसली.
मग गौ. माझ्या पाठीमागं गेली अन् अगदी हळू म्हणली, "ए म्हातारे, लाडू कुठं लपवलेस?"
ऐकलं मी! सगळं ऐकलं! म्हणलं, सांगणार नाय.
डॉक्टरीणबाईचा आवाज नाय हा. जरा पातळ आहे, पत्र्यासारखा. पण हळू बोललेलं पोहोचतं.

बुधवार, १९
मॅडम अन् इरफान आले परत. आता गौ.नं चौकट बदललीय. नवं काही करायच्या आधी ती जुनं बाजूला जपून ठेवती. उठून गेलं तरी जुनं जात नाय. 'ठेवा' अन् 'नको'च्या मधी तिसरं बटन घातलंय, 'वापरून बघते'. नव्या आवाजात चार दिवस राहायचं, मग ठरवायचं.
मॅडमला पटंना. "लोक नुसतं बघतच राहतील. कधीतरी ठरवायला पाहिजे ना?" बाईचंही खोटं नाय. कुसुमच्या पोराला केवढ्या मुली दाखवल्या, अजून बघतोच म्हणतोय. ते सांगितलं तर मॅडम पण हसल्या.
इरफान म्हणला, "पर मॅडम, आवाज को पाच मिनट में कौन पहचानता?"
मग मला विचारलं. गौ. माझ्याकडं बघंना, मुद्दाम खिडकीकडं तोंड करून बसली. पाहुण्यांसमोर घरचं उणं काढायचं म्हणजे जिभेवर धोंडा. तरी सांगितलं, अक्षरं बारीक आहेत. अन् 'नको' बटन 'ठेवा'च्या लई जवळ, माझं बोट दोन्हीवर बसतं. मॅडमनं लिहून घेतलं. गौ. खिडकीकडं बघूनच हसत होती, गाल दिसला मला.
नवा आवाज घातलाय आता इरफाननं. त्यात सुनेच्या बांगड्या येतेत, गल्लीतली पोरं येतेत, पंख्याची कुरकुर येती. आपला गौ.नं अन् मी शोधलेला बाजूला ठेवलाय, जपून. 'वापरून बघते' दाबलंय मी.
गौ. झोपायला जाताना म्हणली, "आज्जी, शेवटी काय दाबशील?"
नव्यात जग मोठं ऐकू येतं. पत्र्यासारख्यात ही जवळ वाटती. काय सांगू?
बघू म्हणलं.
मॅडम अन् इरफान रविवारी येतो म्हणलेत, अकराला.