एकसष्ट खाटा

५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आईच्या गुडघ्याची सूज उतरली हे वाचून जीव भांड्यात पडला. माझी तब्येत ठणठणीत आहे. जिने चढून चढून पोटऱ्या तेवढ्या दगड झाल्यात.

आता जरा सावरून बसा आणि लेकीचा पराक्रम ऐका. प्रांताच्या शिरगणतीसाठी आम्हा मास्तरणींना इथे धाडलं, त्यात माझ्या वाट्याला कापड कारखान्यामागची गल्ली आली. घरात माणसं किती, भिंती कशाच्या, पाणी कुठून भरता, कोण काय काम करतं, असे दारोदार चौतीस प्रश्न. लोकांनी महिना लावला, मी सतरा दिवसांत गठ्ठा बांधून, सही करून जमा केला. आमच्या तपासनीस बाई भयंकर कडक आहेत. त्यांनीही पानं उलटून पाहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या की गठ्ठा आणावा तर असा. फळ्यावर पहिलं नाव माझं! शाळेत कायम होण्याचा कागद याच महिन्यात बाईंच्या शिफारशीने निघायचा आहे, त्यामुळे सध्या मी जमिनीपासून चार बोटं वर चालतेय.

आणि नुसती भरभर नाही हं. एक बाई म्हणाली, मी काही काम करत नाही, आणि बोलता बोलता तिने सात कॉलर शिवून बाजूला टाकल्या. मी लिहिलं, शिवणकाम. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, कुणाची लेक आहे!

सगळ्यात गंमत माळ्यांची. कारखान्याच्या मागे पाच माळे आहेत, बाहेरगावच्या कामगारांना खाटा भाड्याने देणारे. सकाळी अकराला गेले तर सगळे डाराडूर झोपलेले. रात्रपाळीची माणसं, बिचारी. पहिल्या माळ्यावर चौदा खाटा, चौदा माणसं. माळे सांभाळणाऱ्या मुकादमानेही चौदाच सांगितली. पाची माळे मिळून एकसष्ट. पण बाबा, काय नटवे आहेत हो! एकेकाच्या उशाशी दोन दोन आरसे, दाढीची दोन दोन खोकी, डबे टांगायच्या खुंट्यासुद्धा दोन, एकीला लाल दोरा बांधलेला. तुम्ही आयुष्यभर एका आरशावर भागवलंत, तोही आईचा.

आईला नमस्कार. रागावला नसाल तर लोभ आहेच, रागावला असाल तरी राहू द्यावा.

तुमची,
ठकू


१० फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या आईने मोठ्याने वाचलं. फळ्याची गोष्ट येईपर्यंत मी मिशीला पीळ देत होतो. आरशांपाशी आलो आणि हात खाली आला.

एका माणसाला दाढीची दोन खोकी लागत नाहीत, पोरी. तू अर्धीच माणसं मोजलीस.

बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या असल्या की एका खाटेवर दोघं असतात. रात्रपाळीवाला दिवसा झोपतो, दिवसपाळीवाला रात्री. खाटेचं भाडं निम्मं निम्मं. लग्नानंतरची पहिली तीन वर्षं मी मागावर असताना असाच राहिलो. उशीची एक बाजू माझी, दुसरी त्याची; आला की उलटी करायची, असा आमचा कायदा. तीन वर्षं एका खाटेवर काढली, पण त्याचा चेहरा धड आठवत नाही. तो चढायचा तेव्हा मी उतरत असायचो. त्याच्या डोक्याच्या तेलाचा वास मात्र अजून नाकात आहे, फार वाईट तेल लावायचा. डबे अदलाबदल होऊ नयेत म्हणून माझ्या डब्याला आणि खुंटीला लाल दोरा होता.

मुकादम चौदा सांगणारच. माळ्याला परवाना चौदाचा असेल आणि त्याने अठ्ठावीस कोंबले असतील. त्याला विचारूच नकोस. संध्याकाळी सातच्या सुमारास जिन्याच्या पायथ्याशी उभी राहा. उतरतील ते मोज, आणि चढतील ते मोज.

गठ्ठा दिला, सही झाली, हे सगळं मला कळतं. तरी जा. नळ किती, शाळेच्या खोल्या किती, हे या आकड्यावरून ठरतं असं तूच मागे लिहिलं होतंस. निम्म्या माणसांनी पाणी प्यायचं नाही की काय?

तुझ्यावरचा लोभ वाढताच आहे, म्हणून एवढं खडसावलं.

तुझे,
बाबा


१४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुम्ही म्हणता ते चाळीस वर्षांपूर्वीचं आहे, आताही तसंच असेल कशावरून? गठ्ठा परत मागायचा म्हणजे, मी चुकले, असं बाईंना लेखी द्यायचं. ते माझ्या नोकरीच्या पुस्तकात लाल शाईने चढणार. तीन वर्षं हंगामी म्हणून राबल्यावर, कायम व्हायच्या महिन्यात! तुम्हाला तिकडे बसून सांगायला काय जातं?

उद्धटपणा झाला, माफ करा. पण मी जाणार नाही.

ठकू


१८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

आधीचं पत्र चुलीत घाला. ते पेटीत टाकून परतताना पाय आपोआप कारखान्याकडे वळले. म्हटलं, नुसतं पाहून येऊ, बाबांचं खोटं ठरलं की शांत झोप लागेल.

पावणेसातला रात्रपाळीवाले उतरले. पहिल्या माळ्यावरून चौदा, मी मोजलेलेच, दोघांनी मला ओळखून मान हलवली. मग दहाएक मिनिटं जिना रिकामा. मला हायसं वाटलं, हे खोटं कशाला बोलू? आणि मग गल्लीच्या टोकाकडून ते आले. केसांत कापसाचे तंतू, हातात डबे, आणि डब्यांच्या कड्यांना लाल दोरा. पहिल्या माळ्यावर चढले चौदा. बाबा, माझ्या तोंडचं पाणी पळालं. यांतला एकही चेहरा मी कधी पाहिला नव्हता, आणि माझ्या कागदाप्रमाणे यांतला एकही माणूस जगात नव्हता.

मुकादम धावत आला, की बाई, परवाना जाईल, यांना रस्त्यावर यावं लागेल. कामगारही मागे सरकले. मग मी तिथेच पायरीवर बसून शाळेतल्यासारखा आवाज लावला. हा कागद कुणाला दाखवायचा नाही असा कायदा आहे, ना मालकाला, ना पोलिसाला. हा परवान्यासाठी नाही, तुम्ही आहात एवढंच सांगण्यासाठी आहे. तरी कुणी हलेना. तेव्हा मी तुमची उशी सांगितली. माझे बाबा असेच राहिले, एक बाजू त्यांची, एक दुसऱ्याची. एक टकलू कामगार हसला आणि म्हणाला की आमच्यातही तोच कायदा, पण माझा जोडीदार उलटी करायला विसरतो. त्याने पहिलं नाव सांगितलं. मग रांग लागली.

तीन संध्याकाळी गेले. एकसष्टचे एकशे अठरा झाले. चारच खाटांवर एकेकटी माणसं निघाली.

काल बाईंसमोर उभी राहिले. चूक माझी, गठ्ठा परत द्या, असं लिहूनच नेलं होतं. त्यांनी माझ्यादेखत लाल शाईने शेरा मारला, ‘निष्काळजीपणा, फेरमोजणी करावी लागली’, आणि फळ्यावरचं माझं नाव स्वतः पुसलं. मग इतर बावीस जणींना उभं करून विचारलं की तुमच्या हद्दीत माळे आहेत का, आणि तिथे तुम्ही किती वाजता गेला होतात. सगळ्या सकाळीच गेल्या होत्या! काल संध्याकाळीच सातला गावातल्या प्रत्येक जिन्याशी आमची एकेक मास्तरीण उभी होती. एका संध्याकाळीत सोळाशे माणसं वाढली.

कायम होण्याचा कागद यंदा निघणार नाही, हे कारकुनाने हळूच सांगितलं. रडले, खोटं कशाला सांगू. पण माझी मान खाली गेली नाही. आणखी एक वर्ष हंगामी राहीन, त्यात काय! तुम्ही होतात म्हणून मला दिसलं. मला तुमचा फार अभिमान वाटतो, बाबा. तोंडावर कधी म्हणता आलं नसतं.

लोभाची मागणी या खेपेस जरा जास्त आहे.

तुमची,
ठकू


२४ फेब्रुवारी

चि. ठकूस,
आईचे अनेक आशीर्वाद.

या वेळी मी लिहितेय, कारण यांना लिहायला बसवलं तर डोळे पुसण्यातच वेळ जातो आणि म्हणतात चष्मा खराब झालाय. तुझं पत्र खिशात घालून फिरतात. लाल शेऱ्याचं वाक्य यांनी वाण्याला, शेजारच्या शिंप्याला आणि टपालवाल्याला वाचून दाखवलं. टपालवाल्याला दोनदा, तेही छाती फुगवून. लोकांना वाटतं तुला बक्षीस मिळालं. मीही कुणाला दुरुस्त करत नाही.

पण यांनी तुला अर्धंच सांगितलं. त्या तीन वर्षांत एकदा शिरगणती झाली होती. मी तेव्हा तुझ्या आजीपाशी गावी. मोजणारा आला, मी दाराआडून सांगितलं की घरधनी शहरात असतात. तो म्हणाला, मग तिकडे मोजतील, आणि पुढे गेला. तिकडे खाटेवर जो झोपला होता त्याला मोजलं, हे मागावर होते. पुढे हे सुट्टीला आले तेव्हा आम्हा दोघांच्या बोलण्यातून उलगडा झाला. हे हसले. म्हणाले, म्हणजे यंदा मी नाहीच. त्यानंतर तो विषय यांनी कधी काढला नाही. मी मात्र कितीदा मनात म्हटलं, मी त्या माणसाला थांबवून सांगायला हवं होतं.

काल आपल्याकडे मोजणारी आली. तुझ्याच वयाची मुलगी, उन्हाने लाल झालेली. हे सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. तिने मला विचारलं, घरात किती माणसं? मी यांचा हात धरून उठवलं, दारात उभं केलं आणि म्हटलं, दोन. एक मी, आणि हे एक. इथेच असतात, नीट बघून घे आणि आधी यांना लिही. ती म्हणाली, आजी, त्यांना बसू दे, बसूनही मोजता येतं. हे बसले नाहीत. तिचे चौतीसच्या चौतीस प्रश्न होईपर्यंत उभे राहिले.

तब्येतीला जप. आमची माया तुझ्यामागे आहेच, ती काही मोजायला घेऊ नकोस.

तुझी,
आई