काच फुटलेला फोन आन् माझी रोजची हजेरी

घटस्थापना, सोमवार
रुपे, परवा रात्री काय जेवलीस, सांग बरं? बसलीस डोकं खाजवत! म्हणून रोजचं रोज बोलून ठेवतेय, तू उतरवून घे. मला लिहिता येत न्हाई, नातीला आठवत न्हाई. जोडी बरी जमलीय.

पुण्यात डिझाईन शिकतेस आन् बापानं टाकलेला फोन उचलून आणतेस. काच फुटून काळी ठिक्कर. पडू दे, मला कुठं वाचायचंय! बापाच्याच पाळण्याच्या मोडक्या फळ्यांचा खोका केलास, फोन आत, वर दोन बटणं, एक कवडीचं, एक चिंचोक्याचं. कवडीचं दाबलं की सणसवाडीत तुझ्या बापाला, माझ्या दत्ताला, कळतं, म्हातारी उठली. चिंचोक्याचं दाबून मी हे बोलते.

दत्ताची अट: दसऱ्यापर्यंत एक सकाळ जरी चुकली, तर इनामगाव सोडायचं, त्याच्याकडं राहायला जायचं. "एकटी पडलीस तर कळायचं कुणाला?" म्हटलं, शेजारच्या शेवंताला. तिचा कान आमच्याच भिंतीला असतो.

पंचमी, शुक्रवार
सकाळी कवडी दाबली. खोक्यातनं तुझा आवाज, "आजी, कळालं." रोज तेच. जरा दुसरं काही शिकव त्याला.

शेवंता बघून गेली. "आत्या, ह्यात टीव्ही न्हाई व्हय?" न्हाई, म्हणूनच बरा.

दत्ता लालूच दाखवतोय. "इथं चोवीस तास नळाला पाणी हाय, आई." असंल.

खंडेनवमी, बुधवार
विळा, खुरपं, कोयता धुतला. हळदकुंकू, झेंडू. खोकाबी पाटावर मांडला. कामाचं हत्यार, त्याला कसं वगळायचं? आता ह्याच्यावर जरासं पाणी

दसरा, गुरुवार
खोका मुका. तू समोर बसून लिहितेयस.

सकाळी कवडी दाबली, उत्तर न्हाई. वाटलं, सणाची सुट्टी घेतली असंल. गेले झेंडू तोडायला. परत येते तर दारात मोटारसायकल, बाप-लेक दोघं. दत्ता घामाघूम, हातात माझी लुगडी भरायला रिकामी बॅग.
"फोनला आंघोळ घातलीस, आई?"
"मग? हत्याराची पूजा नको?"
तू मधी पडलीस. "पप्पा, चूक माझी. झाकण पक्कं बसवायला पाहिजे होतं." खरंय. मी काही बोलले न्हाई. म्हंजी दोनदाच बोलले.
दत्ता म्हणतो, अट ती अट. कवडी तर दाबली होती मी! बॅग रिकामी कशी धाडायची, म्हणून भोपळा आन् वांगी भरून दिली. उंबऱ्यात थांबला. "रस्ताभर काय काय आलं मनात, आई." तवा मी बॅगेत आणखी दोन वांगी कोंबली.

कोजागरी, सोमवार
खोका शनिवारी आला. झाकणाला सायकलच्या जुन्या ट्यूबची कड. बोलतोय. शेवंतालाबी पाहिजे. म्हटलं, आधी घरातला एखादा फोन फोड.

दत्तानं मुदत दिली, दिवाळीपर्यंत. "मग बघू." बघ की. कवडी हितं, बोट हितं.

रुपे, तुमच्या शेजारच्या बिहारी वहिनीला सांगून तो कणीक-गुळाचा तळलेला ठेकुआ धाड. मऊ नको, चांगला खरपूस. चहात बुडवायचं माझं मी बघते.