काविळीचं पथ्य

आई, पुण्याच्या डॉक्टरांनी माझ्या आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, तेव्हा तू एकच विचारलंस, "पथ्य काय?" ते म्हणाले, पथ्य काही नाही, फक्त गोळ्या चुकवायच्या नाहीत, बहुधा जन्मभर. तुझा चेहरा पडला. ज्याला पथ्यच नाही असला आजार चारचौघांत सांगायचा कसा? मग मी इस्पितळातून सुटलो त्या दिवशी, बस पिंपरीला पोचायच्या आत, तू निर्णय घेऊन टाकलास. मला कावीळ झाली होती.

चाळीने ती मनापासून स्वीकारली. शेजारच्या काकू उसाचा रस पाठवायच्या, कोपऱ्यावरचे सायकलवाले चाचा कसल्याशा मुळ्यांची माळ घेऊन आले. आणि तू, हे सगळं खोटं आहे हे पक्कं ठाऊक असलेली, कित्येक महिने मला बिनफोडणीचं पांढरंफटक वरण वाढत राहिलीस. "अगं, दार लावून तरी फोडणी घाल," मी एकदा म्हणालो. तू म्हणालीस, "वास बाहेर जातो." इतक्या इमानाने खोटं चालवणारं माणूस मी पुढे पाहिलं नाही, आणि माझा तर धंदाच लोकांचा खोटेपणा हुडकून त्याची टिंगल लिहिण्याचा झाला.

कंपनीत मात्र कावीळ चालली नाही. लेथ मशीन मला नावं ठेवतंय म्हणून मी त्याच्याशी भांडलो होतो, ते फोरमनने डोळ्यांनी पाहिलं होतं. भोसरीचा म्हातारा. "काविळीत मानूस लेथसंगं भांडतोय व्हय?" म्हणाला. "ऱ्हाऊ दे, सांगू नको. हात कापत्यात तुझं, मशीनवर न्हाई उभा करत. तपासणीला बस." डोक्याने नापास झालेला माणूस दिवसभर गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, पिना घालून त्यांना पास-नापास करू लागला, आणि कुणालाही हसू आलं नाही. भोंगा, डबा, गोळी, बाक, झोप. त्या बाकावर बसून बसून मी पुन्हा माणसांत आलो. आयुष्य उभं करणं म्हणतात ते एवढंच असतं, कंटाळवाणं.

वर्षभर टिकलो, तशी तू स्थळ आणलंस. मुलगी पाहून झालेली, मला आवडलेली. आता तिचे वडील आणि मामा घर बघायला येणार. आठवडाभर आधी तू म्हणतेस, "गोळ्या राहू देत थोडे दिवस. त्यांनी कप थरथरतो रे तुझ्या हातात." मी ऐकतो. मलाही कप न थरथरणारा नवरा व्हायचं आहे.

कप खरोखरच स्थिर आहे. मामा विचारतात, "प्रकृती कशी असते?" तू लगेच, "मागे कावीळ झाली होती हो, आता अगदी ठणठणीत." आणि मी म्हणतो, "कावीळ नव्हती. डोक्याचा आजार आहे. वेड्यांच्या इस्पितळात होतो." मामा बशी खाली ठेवतात. वडील मात्र उरलेले पोहे संपवून उठतात.

"खरं बोलायला हाच मुहूर्त सापडला होय रे मेल्या?" चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी नळावर तूच काकूंना सांगितलंस, "कावीळबिवीळ काही नव्हती. डोकं बिघडलं होतं त्याचं. पण हातचं स्थळ गेलं तरी खोटं नाही बोलला माझा मुलगा." संध्याकाळी आमटीला हिंगाची फोडणी. तू जाईपर्यंत हे येईल त्याला ऐकवलंस. पुढे माझी बायको झाली तिनेही हेच ऐकून होकार दिला.

तुला जाऊन आता बारा वर्षं झाली. आई, सत्याबित्याशी त्याचा काही संबंध नव्हता. मामा बोलत होते तेव्हा त्यांच्या मागून दुसरा आवाज येत होता, लेथमधून यायचा तोच. मी घाबरलो होतो. ती माणसं लवकरात लवकर उठून जावीत आणि मला गोळी घेता यावी, एवढंच मला हवं होतं. तू कपबशा आत नेल्यास तेवढ्यात मी ती कोरडीच गिळली.

तुला कळलं असतं तर गोळ्या आपणच थांबवल्या म्हणून तू स्वतःला खात बसली असतीस. म्हणून बोललो नाही, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. हा कागद बायकोला दाखवणार होतो, तोही घडी करून ठेवून देतोय. ते कौतुक मला फार आवडायचं, आई. अजून आवडतं.